हो की नाही, एवढंच सांगा!

‘डॉक्टरलाच खात्री नाही, तर आम्ही जायचं कुणाकडं?’ हा सवाल छत्रपती संभाजीनगरात हल्ली अशा तोऱ्यात टाकला जातो, की खात्री नसणं हा दखलपात्र गुन्हाच वाटावा. लेकरू तापानं फणफणलेलं असतं, घसा लालभडक, आवंढा गिळताना डोळ्यांत पाणी. डॉक्टर टॉर्च मारून घसा बघतात, मानेच्या गाठी चाचपतात आणि सांगतात, ‘स्ट्रेप असू शकतो, व्हायरलही असू शकतं. घशाचा स्वॅब पाठवू, परवा ठरवू.’ झालं! दवाखान्याचा जिना उतरेपर्यंत घरच्यांचा निकाल लागलेला असतो: याला काही येत नाही, दुसरा बघा. दुसरा मिळतोच. तो दोन मिनिटांत तीन दिवसांचं सिरप लिहून देतो, तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि त्याच्या हातगुणाची कीर्ती गारखेड्यापासून सिडकोपर्यंत पसरते. ताप सिरपानं उतरला की आला तसा आपल्या पायानं गेला, हे विचारायच्या फंदात कुणी पडत नाही.

मी शहरातल्या एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीचं काम करते, त्यामुळं हे सगळं काउंटरच्या आतल्या बाजूनं कानावर पडतं. ‘मॅडम, डॉक्टर काय सांगायलेत तेच कळंना. तुम्ही फक्त हो की नाही, एवढंच सांगा.’ रिपोर्ट घ्यायला आलेल्या बापाचा स्वर बहुतेकदा काळजीचा नसतो, हिशेब मागणाऱ्याचा असतो. आणि हे एकट्यादुकट्याचं मत नाही. शाळेच्या फाटकापाशी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मेडिकलच्या काउंटरवर हेच मत छातीठोकपणे मांडलं जातं. ते आधी नीट मांडून घेऊ, म्हणजे अर्धवट ऐकून बोलले असा आरोप नको.

मत असं आहे. घसा दुखणं ही किरकोळ बाब. त्याला अँटिबायोटिक लागतं किंवा लागत नाही. अनुभवी डॉक्टरला घसा बघताच ते कळायला हवं. कळत नसेल तर टेस्ट करावी आणि टेस्टनं हो किंवा नाही, असं रोखठोक सांगावं. तसं सांगता येत नसेल तर ती टेस्ट म्हणजे लॅबचं आणि डॉक्टरचं साटंलोटं. त्यापेक्षा अँटिबायोटिक देऊन टाकावं. लागलं तर उत्तम, नाही लागलं तर बिघडलं काय?

ऐकायला किती सरळ! अडचण एवढीच, की यातला एकही सांधा धड नाही. एकेक करून बघू.

सुरुवात ‘घसाच तर आहे’पासून. खरी गोष्ट अशी, की शहाण्या डॉक्टरला घशाची फारशी चिंता नसतेच. स्ट्रेपचा घसासुद्धा बहुतेक मुलांत औषधाविना आठवडाभरात बरा होतो. अँटिबायोटिकनं दुखण्याचा काळ आखडतो तो सरासरी सोळा-एक तासांनी, म्हणजे पुरता एक दिवसही नाही. डॉक्टरला चिंता असते ती घसा बरा झाल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांची. ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस, म्हणजेच स्ट्रेप, या जंतूशी लढता लढता काही मुलांचं शरीर स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटतं. आज गुडघा सुजतो, तो उतरला की घोटा सुजतो. काही दिवसांनी सांधे मोकळे होतात, पण हृदयाची झडप जायबंदी होऊन बसते. हा ऱ्हुमॅटिक ताप. त्यातून वाचलेल्या मुलाला पुढची कित्येक वर्षं दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, कारण पुढचा प्रत्येक स्ट्रेप त्या झडपेवर पुन्हा घाव घालू शकतो.

‘हे असले आजार आता कुठं राहिलेत?’ असं म्हणणारे सुशिक्षित लोक मला सर्वांत जास्त खटकतात. २०१५ सालासाठीच्या जागतिक अंदाजानुसार ऱ्हुमॅटिक हृदयरोगाचे सुमारे १ कोटी ३० लाख रुग्ण एकट्या भारतात होते. जगातल्या दर पाच रुग्णांपैकी जवळजवळ दोन आपले. त्या एका वर्षात आपल्याकडं या रोगानं लाखाहून अधिक माणसं गेली, असा तो अंदाज सांगतो. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला, तेव्हा मुलांमध्ये शोधायच्या आजारांच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयरोग घातला तो हौसेखातर नव्हे. हा गर्दीचा रोग आहे. वाळूजच्या कारखान्यांवर पोट असलेल्या बजाजनगरात एका खोलीत चार-पाच माणसं झोपत असतील, तर एकाच्या घशातला जंतू बाकीच्यांना वेगळं आमंत्रण मागत नाही. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून लोक जिथं उपचाराला येतात, त्या घाटी रुग्णालयाच्या ओपीडीत एक सकाळ बसून बघावं. तरण्याताठ्या पोरीला जिना चढताना धाप का लागते, याचं उत्तर कधी कधी तिच्या शाळेतल्या वर्षांतल्या घशात असतं, आणि ते तिलाही आठवत नसतं.

‘आमच्या वेळी कुठं होत्या टेस्टा? मिठाच्या गुळण्या केल्या, हळद-दूध प्यालो, झालो की मोठे!’ हा आजोबांचा ठरलेला डायलॉग. आजोबा, गुळण्या खुशाल करा, घशाला आराम पडतो. पण ‘झालो की मोठे’ हे सांगायला जे मोठे झाले तेच उरलेले असतात, हे तुमच्या लक्षात येत नाही का? दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी हरियाणातल्या बल्लभगड भागात सहा हजारांवर शाळकरी मुलं तपासली. तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या स्टेथोस्कोपनं तपासलं तर हजारात एकही मूल पुरतं सापडत नव्हतं. त्याच मुलांची सोनोग्राफीसारखी इको तपासणी केली, तर हजारात वीसच्या वर मुलांच्या झडपांवर या रोगाच्या खुणा निघाल्या. ‘आमच्यात कुणाला काही झालं नाही’ या वाक्याचा खरा अर्थ एवढाच निघतो, की कुणी बघितलं नाही.

आता भीतीचा बागुलबुवा करायचा नाही म्हणून दुसरी बाजूही सांगते. उपचार न झालेल्या स्ट्रेपनंतर ऱ्हुमॅटिक ताप होण्याचं प्रमाण एरवी हजारात तीनच्या आसपास असतं, साथीच्या काळात शंभरात तीनपर्यंत जातं. म्हणजे तुमच्या लेकराला तो न होण्याचीच शक्यता जास्त. पण म्हणून स्ट्रेप आहे की नाही ते बघूच नये, असं कुठल्या तर्कशास्त्रात बसतं?

दुसरा मुद्दा: अनुभवी डॉक्टरला बघूनच कळायला हवं. का बरं कळायला हवं? घसा दुखणाऱ्या शंभर मुलांपैकी साधारण वीस-तीस जणांनाच स्ट्रेप असतो. बाकी सगळा व्हायरसांचा कारभार. खोकला, वाहणारं नाक, बसलेला आवाज, लाल डोळे, तोंडात फोड असं काही सोबत असेल, तर पारडं व्हायरसकडं झुकतं. ताप, सुजलेले किंवा पू धरलेले टॉन्सिल, मानेच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी आणि खोकल्याचा पत्ता नाही, असं असेल तर स्ट्रेपकडं. या खुणांचे गुण मांडायची पद्धत १९८१ पासून वापरात आहे. सेंटॉर स्कोअर म्हणतात तिला. पुढं १९९८ मध्ये तिच्यात वयाचीही भर पडली. आणि या परीक्षेत मुलाला पैकीच्या पैकी गुण मिळाले, तरी स्ट्रेप निघण्याची शक्यता किती? निम्म्याच्या आसपास! घशावर पांढरे ठिपके दिसले की ‘इन्फेक्शन आहे, हाय पॉवर लागेल’ असं जो क्षणात सांगतो, त्याला तुमच्या डॉक्टरपेक्षा जास्त कळत नसतं. तो फक्त मोठ्यानं बोलतो. खरं ज्ञान असलेल्या माणसालाच इथं ‘असू शकतो’ म्हणावं लागतं, आणि आपण नेमकी त्यालाच शिक्षा देतो.

बरं, टेस्ट तर यंत्रासारखी हो-नाही सांगेल ना? कोविडच्या दोन वर्षांनी आपल्याला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह यांची अशी काही सवय लावून ठेवली आहे, की रिपोर्ट म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, अशी समजूत पक्की झाली. मग थोडा हिशेब करू. घसा दुखणारी शंभर मुलं घ्या. त्यांत खरा स्ट्रेप तिसांना आहे असं धरा. घशाची रॅपिड टेस्ट स्ट्रेप असलेल्या शंभरांपैकी साधारण पंच्याऐंशी जणांना पकडते आणि नसलेल्या शंभरांपैकी पंच्याण्णवांना बरोबर सोडते. म्हणजे आपल्या तिसांपैकी पंचवीस-सव्वीस सापडतील, चार-पाच निसटतील. उरलेल्या सत्तरांपैकी तीन-चार जणांवर विनाकारण ठपका बसेल. चांगल्या रॅपिड टेस्टचा हा हिशेब आहे. म्हणूनच मुलांमध्ये रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली तरी कल्चर करावं, म्हणजे स्वॅबमधला जंतू लॅबमध्ये वाढवून बघावा, असं अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. तेव्हा ‘माझ्या भावाच्या पोराची न्यू जर्सीत पाच मिनिटांत टेस्ट झाली’ हे ऐकवणाऱ्यांनी भावाला पुढचंही विचारावं. निगेटिव्ह आल्यावर तिथल्या डॉक्टरनं काय केलं? दुसरा स्वॅब लॅबला पाठवला असण्याचीच शक्यता जास्त. आणि भाऊ लंडनला असता तर? तिथं घसा दुखला म्हणून सरसकट रॅपिड टेस्ट करतच नाहीत, कारण त्यांच्याकडं ऱ्हुमॅटिक ताप फारसा उरलेला नाही. दोन श्रीमंत देश, दोन रीती. मग एकच बिनचूक उत्तर कुठल्या आकाशातून पडणार?

हे कमी म्हणून आणखी एक गोम आहे. ठणठणीत शाळकरी मुलांपैकी दहा-बारा टक्के मुलांच्या घशात हा जंतू निवांत मुक्कामाला असतो. त्रास नाही, लक्षण नाही. अशा मुलाला सर्दी-खोकल्याचा व्हायरस झाला आणि कुणी हौसेनं टेस्ट केली, तर ती पॉझिटिव्हच येणार. टेस्ट खोटं बोलली का? नाही. जंतू आहे हे तिनं खरंच सांगितलं. दुखणं त्याच्यामुळं आहे का, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं आणि विचारलं तरी सांगता आलं नसतं. ते ठरवायला डॉक्टर लागतो, तोच ज्याला तुम्ही जिन्यात नापास केलंत. औषधाचा कोर्स संपल्यावर ‘निगेटिव्ह झालं का बघा’ म्हणून खेळत्या-बागडत्या पोराला पुन्हा स्वॅबसाठी आणणारे आईबापही याच खड्ड्यात पडतात. जंतू पुन्हा दिसतो, पुन्हा अँटिबायोटिक, पुन्हा टेस्ट, आणि शेवटी ‘टॉन्सिलच काढून टाका’पर्यंत गाडी जाते. लक्षणं गेली असतील तर एरवी पुन्हा टेस्ट करायचं कारणच नसतं.

कल्चरबद्दलही बोलायला हवं, कारण ‘दोन दिवस काय करता तुम्ही लोक?’ असं विचारलं जातं. सांगते. स्वॅबची काडी दोन्ही टॉन्सिलांवरून आणि घशाच्या मागच्या भिंतीवरून फिरायला हवी. जिभेला, गालाला लागता कामा नये. पाच वर्षांचं पोर हे सुखासुखी करू देत नाही. आई डोकं धरते, बाप हात धरतो, पोर ओकारी काढतं आणि काडी बहुतेकदा जिभेवर टेकते. नमुनाच असा घेतला, तर पुढं यंत्र सोन्याचं असून उपयोग काय? मग ती काडी रक्त घातलेल्या लालभडक आगरच्या प्लेटवर ओढायची, प्लेट पेटत्या मेणबत्तीसोबत घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवायची. मेणबत्ती विझते, बरणीतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि जंतूला तेच मानवतं. बरणी रात्रभर शरीराच्या तापमानाइतक्या उबेत राहते. दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडासमोर धरली, की टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आणि प्रत्येकाभोवती रक्त पार खाऊन टाकल्यानं पडलेलं स्वच्छ पारदर्शक कडं दिसतं. तसलं कडं पाडणारे दुसरेही जंतू असतात, म्हणून बॅसिट्रॅसिनची चकती ठेवून खातरजमा करायची. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही, तर आणखी एक दिवस थांबायचं. या कामासाठी मेंढीचं रक्त वापरावं असं पुस्तक सांगतं. काही ठिकाणी रक्तपेढीतलं मुदत संपलेलं माणसाचं रक्त वापरून भागवतात, आणि मग कडं नीट उमटत नाही. दोष काढायचाच असेल तर हा काढा. ‘कुठलं रक्त वापरता?’ असं विचारा ना आम्हाला! हा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारतात ते ‘आजच द्या ना रिपोर्ट.’

आजच का द्या? तर म्हणे पोराला दोन दिवस विनाऔषध ठेवायचं कसं? विनाऔषध ठेवा असं कोण म्हणतं? ताप आणि दुखणं यांवर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल आहे, पातळ खाणं आहे, भरपूर पाणी आहे. प्रश्न अँटिबायोटिकच्या घाईचा आहे, आणि त्या घाईला शास्त्राचा कसलाही आधार नाही. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात वॉरन हवाई तळावर १९५० च्या सुमारास घसा आलेल्या सैनिकांवर अभ्यास झाला आणि पेनिसिलिननं ऱ्हुमॅटिक ताप टाळता येतो हे सिद्ध झालं. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं, तरी हृदयाचं रक्षण होतं, हे तेव्हापासून पाठ्यपुस्तकात आहे. नऊ दिवस! आणि आपल्याला दोन दिवस जड जातात. स्वॅबच्या रिपोर्टसाठी थांबल्यानं हृदयाचं काही बिघडत नाही, बिघडते ती आपली शांतता. लेकराच्या पोटात अँटिबायोटिक जातं ते बऱ्याचदा आईबापांच्या अस्वस्थतेवर उतारा म्हणून. ‘शाळा बुडते, युनिट टेस्ट आहे’ हे त्यावरचं कारण तर आणखी थोर. स्ट्रेप असेल तर औषध सुरू झाल्यावर साधारण एक दिवस उलटेपर्यंत मुलानं वर्गात बसूच नये, बाकीच्यांच्या घशासाठी.

एवढं सगळं सांगितल्यावर हुकमी एक्का बाहेर येतो: ‘देऊन टाकलं तर बिघडलं काय?’ बिघडतं, आणि चार ठिकाणी बिघडतं.

एक, स्वॅबआधी अँटिबायोटिकचे एक-दोन डोस जरी गेले, तरी कल्चर निगेटिव्ह येऊ शकतं. घरात चोरी झाल्यावर फरशी फिनाइलनं पुसून घ्यायची आणि मग पोलिसांना पंचनाम्याला बोलवायचं, त्यातला हा प्रकार. वर ‘बघा, टेस्टमध्ये काहीच निघालं नाही, पैसे पाण्यात’ असं म्हणायला आपण मोकळे.

दोन, जे दिलं जातं ते बहुतेक वेळा चुकीचंच असतं. देशातल्या खासगी बाजाराचा २०१९ चा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत जास्त खपलेली अँटिबायोटिक गोळी कोणती निघाली? अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम. तीच ती ‘तीन गोळ्यांची स्ट्रिप’. दुसऱ्या नंबरावर सेफिक्सिम. स्ट्रेपसाठी पहिल्या पसंतीचं औषध यांतलं एकही नाही. पेनिसिलिन हाती आल्यापासून आजवर, त्याला सरळ धुडकावून लावणारा ग्रुप ए स्ट्रेप रुग्णांत आढळलेला नाही. असं भाग्य फार थोड्या औषधांच्या वाट्याला आलं. अझिथ्रोमायसिनला मात्र तो दाद देईनासा झाल्याची उदाहरणं जगभर आहेत. ते औषध पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी राखून ठेवायचं, आणि तिथंही तीन नव्हे, पाच दिवस द्यायचं. स्वस्त, जुनं, खात्रीचं औषध फळीवर धूळ खातं आणि चमकदार वेष्टनातलं औषध घराघरात पोचतं. ‘पेनिसिलिन? ते तर आमच्या आजीच्या काळातलं!’ हो. आजीच्या काळातला वरण-भातही अजून चालतोच की.

तीन, कोर्स. खरा स्ट्रेप असेल तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन पूर्ण दहा दिवस घ्यायचं, नाहीतर बेंझाथिन पेनिसिलिनचं एक इंजेक्शन. ताप उतरला म्हणून चौथ्या दिवशी बाटली फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या आजारपणात धाकट्याला पाजायची, ही आपली काटकसर. त्यामुळं होतं असं, की ज्या मुलाला औषध नको होतं त्याला चार दिवस मिळतं आणि ज्याला दहा दिवस हवं होतं त्यालाही चारच दिवस मिळतं. पहिल्याच्या पोटाची वाट लागते, दुसऱ्याचं हृदय उघडं राहतं. याला सावधगिरी म्हणायचं?

चार, अँटिबायोटिक सुरू झालं की बघणं बंद होतं. आता औषध चालू आहे, बरा होईल! पण लाळ गिळता न येणं, श्वासाला आवाज येणं, तोंड न उघडणं, मान ताठ होणं, घशात राखाडी चिवट पडदा दिसणं, यांतलं काहीही दिसलं तर थेट मोठं रुग्णालय गाठायचं असतं. असा पडदा धरणारा घटसर्प आपल्याकडून पुरता गेलेला नाही, आणि त्याला तीन दिवसांच्या सिरपाची काडीचीही भीती नाही.

मेडिकलवाल्यांचीही गंमत आहे. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. सेफिक्सिमसारख्या औषधांसाठी तर २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू आहे, विक्रीची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवावी लागते. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असं सांगणाऱ्या वेष्टनावरच्या लाल रेघेची जाहिरात २०१६ पासून चालली आहे. तरी ‘भाऊ, मागच्या वेळेसचंच द्या’ म्हटलं की बाटली काउंटरवर येते. तिथं मात्र कुणी विचारत नाही, की तुम्हाला खात्री आहे का? खात्रीचा जाब फक्त डॉक्टरला!

खात्रीची ही भूक भागवायला आपण एक मोठी नामी टेस्टही शोधून काढली आहे. एएसओ. घशात बोटसुद्धा न घालता रक्त काढायचं आणि आकडा हातात. ‘दोनशेच्या आत पाहिजे, पोराचा चारशे आलाय!’ म्हणून रडकुंडीला आलेली आई मी पाहिली आहे. अहो ताई, एएसओ म्हणजे जंतू नव्हे, जंतूशी पूर्वी झालेल्या झटापटीची रक्तातली खूण. स्ट्रेप झाल्यावर आठवड्याभरानं ती वाढायला लागते, तीन ते सहा आठवड्यांनी कळसाला पोचते आणि मग महिनोन्महिने रेंगाळते. आज दुखणाऱ्या घशाबद्दल ती काहीही सांगू शकत नाही. शाळकरी मुलांना स्ट्रेप अधूनमधून भेटतोच, त्यामुळं धडधाकट पोराचाही आकडा दोनशेच्या वर सहज असतो. सांधे सुजले, छातीत कुरकुर ऐकू आली, हातपाय आपोआप हलायला लागले आणि ऱ्हुमॅटिक तापाचा संशय आला, तर मागं स्ट्रेप झाला होता का हे ठरवायला तिचा उपयोग. ऱ्हुमॅटिक तापाचं निदान करायच्या, १९४४ मध्ये आलेल्या आणि २०१५ मध्ये सुधारलेल्या जोन्स निकषांत तिची जागा एवढीच, साथीदाराची. नुसता आकडा वाढला म्हणून घसादुखीवर उपचार करणं चूक, आणि नुसत्या आकड्यावर पोराला वर्षानुवर्षं पेनिसिलिनची इंजेक्शनं टोचणं तर अन्यायच. पण लोकांना एएसओ आवडते. तिच्यात आकडा असतो, शेजारी बाण असतो. चुकीची खात्री चालते, प्रामाणिक शंका चालत नाही!

राहिला कमिशनचा आरोप. वैद्यकीय व्यवसायात कट प्रॅक्टिस आहे का? आहे. तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदा महाराष्ट्रात २०१७ मध्ये तयार झाला होता, तो उगाच नव्हे. पण जरा विचार करा. ज्याला पैसेच काढायचेत, तो काय करेल? ‘दोन दिवस थांबा, एक स्वॅब पाठवू, कदाचित औषध लागणारही नाही’ असं सांगेल? की पहिल्याच दिवशी रक्त, एएसओ, एक्स-रे, महागडं सिरप आणि जमलं तर सलाईन लावेल? थांबायला सांगणाऱ्या डॉक्टरला त्या थांबण्याचे पैसे मिळत नाहीत. उलट पेशंट हातचा जातो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तरी तो ते सांगतो. लुटारूची ही रीत नसते.

‘मग खेड्यात, जिथं लॅबच नाही, तिथं काय करायचं?’ हा एवढाच प्रश्न मी रास्त मानते. सोयगावच्या एखाद्या वाडीतल्या पोराचा स्वॅब शहरात पोचेपर्यंत त्याचा काही उपयोग उरत नसेल, तर तिथल्या डॉक्टरनं खुणा मोजाव्यात आणि संशय बळकट असेल तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन पूर्ण मात्रेत, पूर्ण दिवस द्यावं. पण त्यालाही विचार करूनच द्यावं लागतं. त्या डॉक्टरच्या नाइलाजाचा दाखला देऊन शहरातल्या जालना रोडवर, हाकेच्या अंतरावर लॅब असताना तीन गोळ्यांची स्ट्रिप खरेदी करणाऱ्यांनी स्वतःला त्या रांगेत उभं करू नये.

या सगळ्या वादाच्या बुडाशी वैद्यकशास्त्र नाहीच. बुडाशी आहे ती आपली एक सवय: मोठ्या आवाजात बोलणारा तो जाणकार, ‘बघू, ठरवू’ म्हणणारा तो कच्चा. हीच सवय राजकारणात किती महागात पडते यावर आपण चहाच्या टपरीवर तासन्‌तास बोलतो, आणि दवाखान्यात शिरलो की तिचीच पूजा मांडतो.

तेव्हा स्पष्ट सांगते. लेकराच्या घशाबद्दल डॉक्टरकडून खात्री मागायचा तुम्हाला हक्क नाही, कारण ती पहिल्या दिवशी कुणापाशीच नसते. हक्क आहे तो कष्ट मागायचा. घसा नीट बघितला का, गाठी चाचपल्या का, खोकल्याचं विचारलं का, स्वॅब औषधाच्या आधी घेतला का, कुठलं औषध, किती दिवस, कुठली लक्षणं दिसली तर रात्री-बेरात्री धावत यायचं, पुन्हा कधी दाखवायचं? हे सगळं मागा, हट्टानं मागा, नाही मिळालं तर भांडा. पण हे सगळं करून जो डॉक्टर ‘अजून सांगता येत नाही’ म्हणतो, त्याला टाकून ‘हो’ म्हणणारा डॉक्टर शोधायला जाणार असाल, तर तिथं तुम्हाला उपचार मिळणार नाही. तुम्हाला हवं ते उत्तर मिळेल, आणि त्याची किंमत पोराचं शरीर चुकवेल.